कमी इंधनदाब (डिझेल ट्रक)

कमी इंधनदाब म्हणजे डिझेल इंजिनाच्या इंधनप्रणालीत ठरावीक ठिकाणी अपेक्षित असलेल्या दाबापेक्षा प्रत्यक्षातील दाब कमी असणे होय. हा दोष पंप झिजल्यामुळे निर्माण होतो, तसाच तो नवा पंप बसवल्यानंतरही दिसून येतो. पंप बदलूनही दाब वाढला नाही, तर दोष बहुधा पंपाबाहेर, म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर, जोडण्या, विद्युतपुरवठा किंवा परतीचा मार्ग यांपैकी कोठेतरी असतो. बसवताना झालेली चूक हेही एक नेहमी आढळणारे कारण आहे. अशा वेळी आणखी एक पंप बदलण्याऐवजी दाब, प्रवाह आणि निर्वात यांचे क्रमवार मापन करून दोषाची जागा निश्चित करणे, हा निदानाचा सर्वमान्य मार्ग मानला जातो.

हा लेख मुख्यतः ट्रक आणि तत्सम व्यावसायिक वाहनांच्या इंधनप्रणालीविषयी आहे. प्रत्येक इंजिनाची दाबाची मूल्ये वेगळी असल्याने येथे दिलेले आकडे केवळ कल्पना येण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष दुरुस्तीत त्या इंजिनाच्या निर्मात्याची कार्यपुस्तिकाच प्रमाण मानावी लागते.

पार्श्वभूमी

रुडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. दाबलेल्या हवेत इंधन फवारायचे, तर इंधनाचा दाब हवेच्या दाबाहून पुष्कळ जास्त असावा लागतो. आरंभीच्या इंजिनांत हे काम संपीडित हवेच्या साहाय्याने होत असे. त्यासाठी लागणारा हवेचा संपीडक मोठा आणि जड असल्याने ही इंजिने कारखान्यांत आणि जहाजांवरच शोभत.

रोबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ साली इंधन फवारणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये बसण्याजोगे झाले. एका रांगेत प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या असलेला हा ‘इनलाइन’ पंप पुढे अनेक दशके प्रचलित राहिला. त्यानंतर फिरता वितरक पंप आला. १९९५ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीची कॉमन रेल प्रणाली हिनो कंपनीच्या ट्रकमध्ये आली, तर १९९७ साली बॉशची कॉमन रेल प्रणाली प्रवासी मोटारींत दाखल झाली. या प्रणालीत एका सामाईक नळीत इंधन सतत उच्च दाबाखाली साठवले जाते आणि इंजेक्टर विद्युत संकेतावर उघडतात.

प्रणाली बदलत गेली, तरी एक गोष्ट कायम राहिली. उच्च दाबाच्या पंपाला स्वच्छ, हवाविरहित आणि पुरेशा दाबाचे इंधन अखंड मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही, तर कितीही महागडा पंप थोड्याच काळात निकामी होतो.

इंधनप्रणालीची रचना

डिझेल ट्रकमध्ये इंधनाचा प्रवास साधारणपणे पुढील क्रमाने होतो: टाकी, टाकीतील शोषनळी व तिची जाळी, पाणी वेगळे करणारा प्राथमिक फिल्टर, पुरवठा पंप, दुय्यम फिल्टर, उच्च दाबाचा पंप आणि शेवटी इंजेक्टर. जास्तीचे इंधन परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येते.

निदानाच्या दृष्टीने या मार्गाचे तीन भाग पडतात.

शोषण बाजू: टाकीपासून पुरवठा पंपापर्यंतचा भाग. येथे पंप इंधन ओढत असल्याने आतील दाब बाहेरच्या वातावरणीय दाबापेक्षा कमी असतो.

पुरवठा बाजू: पुरवठा पंपापासून उच्च दाबाच्या पंपापर्यंतचा भाग. येथे दाब वातावरणीय दाबापेक्षा थोडा अधिक असतो.

उच्च दाबाची बाजू: उच्च दाबाच्या पंपापासून इंजेक्टरपर्यंतचा भाग. येथील दाब पुरवठा बाजूच्या शेकडो पट असतो.

‘इंधनपंप बदलला’ या शब्दांवरून नेमका कोणता पंप बदलला, हे कळत नाही. पुरवठा पंप आणि उच्च दाबाचा पंप हे दोन वेगळे भाग आहेत. त्यांची कामे, किमती आणि बिघाडाची लक्षणे वेगळी आहेत. म्हणून निदानाच्या आरंभीच हा खुलासा करून घ्यावा लागतो.

पुरवठा पंपाचे तीन प्रकार सामान्यतः आढळतात. जुन्या ट्रकमध्ये इनलाइन पंपाच्या अंगालाच दट्ट्याचा यांत्रिक पुरवठा पंप जोडलेला असतो आणि त्यावर हाताने दाबायचा हँड प्रायमर असतो. अनेक कॉमन रेल इंजिनांत उच्च दाबाच्या पंपाच्या पाठीमागेच दातेरी चाकांचा पंप बसवलेला असतो, जो टाकीतून इंधन ओढतो. तिसऱ्या प्रकारात विजेवर चालणारा पंप टाकीत किंवा चासीवर असतो.

दाबाची एकके व सर्वसाधारण मूल्ये

इंधनदाब बार, किलोपास्कल किंवा पीएसआय या एककांत मोजतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल किंवा सुमारे १४.५ पीएसआय होय. समुद्रसपाटीवरील वातावरणीय दाब सुमारे १ बार असतो.

इनलाइन पंप असलेल्या इंजिनात पुरवठा बाजूचा दाब साधारण १ ते २.५ बार असतो. कॉमन रेल प्रणालीत रेलमधील दाब इंजिन मंद गतीने चालत असताना साधारणतः ३०० ते ४०० बार आणि पूर्ण भाराखाली १,६०० बार किंवा त्याहून अधिक असतो. इंजिन सुरू होण्यासाठी रेलमध्ये एक किमान दाब निर्माण व्हावा लागतो. तो होईपर्यंत नियंत्रक संगणक इंजेक्टर उघडत नाही. त्यामुळे अशा इंजिनात अल्पशी गळतीदेखील ‘स्टार्टर फिरतो, पण इंजिन लागत नाही’ या स्वरूपात प्रकट होते.

दाब आणि प्रवाह यांतील फरक

दाब म्हणजे प्रवाह नव्हे. पंप इंधन ढकलतो आणि पुढील मार्गात होणाऱ्या विरोधामुळे दाब निर्माण होतो. म्हणून चुकीच्या जागी लावलेला दाबमापक फसवू शकतो. दुय्यम फिल्टर चोंदला असेल, तर फिल्टरच्या आधी लावलेला मापक उत्तम दाब दाखवतो, पण फिल्टरच्या पुढे मात्र इंधन पोहोचत नाही. उलट, परतीच्या मार्गातील झडप उघडी अडकली असेल, तर प्रवाह भरपूर असूनही दाब चढत नाही.

इंजिन मंद गतीवर असताना इंधनाची गरज थोडी असते. त्यामुळे अर्धवट चोंदलेला मार्गही तेवढ्यापुरता पुरतो आणि दाब ठीक दिसतो. भरलेला ट्रक घाट चढू लागला की गरज कित्येक पटींनी वाढते आणि दाब कोसळतो. ‘गॅरेजमध्ये गाडी चांगली चालते, चढावर दम तोडते’ ही चालकांची नेहमीची तक्रार याच तत्त्वाने समजते. या कारणास्तव दाबाची नोंद मंद गतीला, वाढत्या गतीला आणि भाराखाली अशी तिन्ही वेळा घ्यावी लागते.

लक्षणे

पुरवठा बाजूचा दाब कमी असल्यास सामान्यतः पुढील लक्षणे दिसतात:

इंजिन सुरू व्हायला वेळ लागतो, विशेषतः रात्रभर उभे राहिल्यानंतर.

चढावर किंवा भाराखाली शक्ती कमी पडते.

मंद गतीवर इंजिन थरथरते किंवा मध्येच बंद पडते.

पंपातून कर्कश आवाज येतो.

कॉमन रेल वाहनांत रेलचा दाब अपेक्षेहून कमी असल्याचा दोष संगणकात नोंदला जातो आणि वाहन मर्यादित शक्तीवर चालू लागते.

यांपैकी कोणतेही एक लक्षण केवळ इंधनदाबाचेच असते असे नाही. चोंदलेला हवेचा फिल्टर, टर्बोचार्जरच्या नळीतील गळती किंवा निकामी इंजेक्टर यांमुळेही शक्ती कमी होते. म्हणून लक्षणांवरून केवळ शंका घ्यावी, निष्कर्ष मापनानंतरच काढावा.

कारणे

हवेचा शिरकाव

पंप बदलल्यानंतरच्या कमी दाबाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे प्रणालीत राहिलेली किंवा नव्याने शिरणारी हवा. इंधन जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. पंपाची ताकद हवा दाबण्यातच खर्च होते. कामगारांच्या बोलीत याला ‘गाडीने एअर घेतला’ असे म्हणतात.

शोषण बाजूची गळती डोळ्यांना दिसत नाही, हा येथील महत्त्वाचा मुद्दा होय. त्या भागात दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने सैल जोडणीतून डिझेल बाहेर टपकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. जोडणी कोरडी दिसते आणि तीच दोषी असते. पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, कडक झालेले ओ-रिंग, तडा गेलेली रबरी नळी आणि तिरका बसलेला फिल्टर ही हवा शिरण्याची ठिकाणे होत. पंप बदलताना यांपैकी बहुतेकांना हात लागलेला असतो.

शोषणातील अडथळा

टाकीतील जाळीवर साठलेला गाळ, चेपलेली किंवा दुमडलेली नळी, चोंदलेला प्राथमिक फिल्टर आणि बुजलेले हवाछिद्र यांमुळे पंपाला इंधन ओढता येत नाही. टाकीचे हवाछिद्र बुजले, तर इंधन कमी होईल तसतशी टाकीत निर्वात तयार होते. अशा वेळी टाकीचे झाकण सैल करताच इंजिन सुधारते.

पंप इंधन ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात वातावरणाचा दाबच इंधनाला पंपाकडे ढकलत असतो. डिझेल एक मीटर वर चढवण्यासाठी सुमारे ०.०८ बार दाब खर्ची पडतो. नळीतील घर्षण आणि फिल्टरचा विरोध त्यात मिळवला, तर हाती असलेला दाब किती मर्यादित आहे, हे ध्यानात येते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील ठिकाणी वातावरणीय दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश इतकाच असतो. मैदानात कसेबसे चालणारे वाहन तेथे अडते, त्याचे एक कारण हेही असू शकते. तीव्र थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर चोंदणे हे आणखी एक कारण होय. लडाखसाठी २०१९ साली हिवाळी प्रतीचे डिझेल उपलब्ध करून देण्यात आले, ते याच अडचणीमुळे.

विद्युतपुरवठ्यातील दोष

विजेच्या पंपाची गती त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर अवलंबून असते. गंजलेली जोडणी, जळालेला रिले किंवा खराब अर्थिंग यांमुळे व्होल्टेज घटते, पंप मंद फिरतो आणि दाब कमी राहतो. पंपाची तार काढून मोकळ्या टोकावर मोजल्यास व्होल्टेज पूर्ण दिसते, कारण त्या वेळी विद्युतप्रवाह वाहत नसतो. म्हणून हे मापन पंप चालू असतानाच करावे लागते. २४ व्होल्टसाठी बनवलेला पंप १२ व्होल्टच्या वाहनात बसवला, तर तो फिरतो खरा, पण पुरेसा दाब देत नाही. तारांची टोके उलटी जोडल्यासही पंप उलटा फिरू शकतो.

परतीच्या मार्गातील गळती

पुरवठा बाजूचा दाब नियंत्रित करणारी झडप कचरा अडकून उघडी राहिली, तर इंधन विनाअडथळा टाकीत परत जाते. कॉमन रेल प्रणालीत झिजलेले इंजेक्टर किंवा रेलवरील दाबमर्यादक झडप यांतून असेच इंधन निसटते. अशा वेळी उच्च दाबाचा नवा पंप कितीही चांगला असला, तरी तो गळक्या घागरीत पाणी भरत राहतो.

बसवण्यातील चुका

येण्याच्या आणि परतीच्या नळ्यांची अदलाबदल, बँजो बोल्टची अदलाबदल (काही बोल्टांत मुद्दाम बारीक छिद्र किंवा झडप ठेवलेली असते), पंपाच्या तोंडावरील वाहतुकीचे प्लास्टिकचे बूच तसेच राहणे, टाकीतील पंपाची सील दुमडणे आणि चुकीच्या क्रमांकाचा पंप बसवणे या चुका अनुभवी हातांकडूनही घडतात. काही वाहनांत नव्या पंपाची नोंद निदानयंत्राद्वारे संगणकात करावी लागते. ती राहिल्यास दाबाचे नियंत्रण बिघडते.

जुन्या पंपाचा चुरा

जुना पंप आतून झिजून निकामी झाला असेल, तर त्याचे धातुकण नळ्या, रेल, इंजेक्टर आणि परतीच्या मार्गाने टाकीपर्यंत पोहोचलेले असतात. प्रणाली न धुता केवळ पंप बदलल्यास तोच चुरा नव्या पंपात शिरतो. नव्या पंपाचा अल्पकाळात होणारा अंत पुष्कळदा असाच घडतो आणि दोष मात्र पंपाच्या प्रतीवर ढकलला जातो.

निदानाची पद्धत

निदान सोप्याकडून अवघडाकडे आणि बिनखर्चाच्या तपासणीकडून खर्चिक तपासणीकडे करावे, असा संकेत आहे.

१. प्राथमिक पाहणी. टाकीत पुरेसे इंधन आहे का, इंधनाचा वास व रंग नेहमीसारखा आहे का आणि पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यात पाणी साठले आहे का, हे आधी पाहतात. इंधनमापकाच्या काट्यावर विसंबून न राहता टाकीत प्रत्यक्ष डोकावणे श्रेयस्कर असते. नव्या पंपाचा क्रमांक जुन्याशी ताडून पाहतात.

२. हवा काढणे. हँड प्रायमर असलेल्या वाहनात फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत प्रायमर मारतात. विजेचा पंप असलेल्या वाहनात चावी अनेक वेळा चालू-बंद करून पंप फिरवतात. दुय्यम फिल्टरमध्ये वरून गाळलेले नसलेले डिझेल ओतणे कॉमन रेल वाहनांत टाळावे, कारण तो शेवटचा गाळणारा टप्पा असतो.

३. यांत्रिक दाबमापकाने मोजणी. संवेदक चुकीचा असू शकतो. म्हणून खात्रीचा यांत्रिक मापक शक्यतो उच्च दाबाच्या पंपाच्या अगदी आधी लावून मंद गती, वाढीव गती आणि भार अशा तिन्ही स्थितींत नोंद घेतात. त्यानंतर मापक दुय्यम फिल्टरच्या आधी लावून तीच मोजणी पुन्हा करतात. दोन नोंदींतील मोठी तफावत फिल्टरचा दोष दर्शवते.

४. बुडबुड्यांची तपासणी. पंपाच्या आधी आणि नंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवतात. पंपाआधीच्या नळीत बुडबुडे दिसल्यास हवा त्याही आधी, म्हणजे टाकीच्या बाजूने शिरत असते. नळीचा तुकडा टप्प्याटप्प्याने टाकीकडे सरकवत गेल्यास शिरकावाची नेमकी जागा सापडते.

५. निर्वातमापन. पंपाच्या आत येणाऱ्या मार्गावर निर्वातमापक लावतात. निर्वात मर्यादेपेक्षा अधिक असल्यास पंप सशक्त आहे, पण मार्गात अडथळा आहे, असा अर्थ होतो. निर्वात आणि दाब दोन्ही कमी असतील, तर पंप अशक्त आहे, हवा शिरत आहे किंवा इंधन परतीच्या मार्गाने निसटत आहे, असे समजतात.

६. वेगळ्या भांड्यातून इंधनपुरवठा. स्वच्छ डिझेलचे भांडे पंपाच्या पातळीला ठेवून छोट्या नळीने ते थेट पंपाला जोडतात. दाब सुधारला, तर दोष टाकी, शोषनळी किंवा प्राथमिक फिल्टर यांत आहे. दाब तसाच राहिला, तर दोष पंपात किंवा पुढे आहे. एकाच चाचणीत संपूर्ण प्रणालीचे दोन भाग पडत असल्याने ही पद्धत विशेष उपयुक्त समजली जाते. भांड्याला परतीची नळीही जोडावी लागते, अन्यथा ते लवकर रिकामे होते.

७. व्होल्टेजची घट. पंप चालू असताना बॅटरीचे धन टोक आणि पंपाचे धन टोक यांमधील, तसेच पंपाचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज मोजतात. ही घट अत्यल्प असावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसल्यास त्या बाजूची तार, रिले किंवा जोडणी तपासतात.

८. परतीच्या प्रवाहाची तपासणी. पुरवठा बाजूची परतीची नळी क्षणभर चिमटीत धरल्यावर दाब झपाट्याने चढला, तर पंप चांगला असून नियंत्रक झडप गळते आहे. ही चाचणी केवळ कमी दाबाच्या रबरी नळीवरच आणि क्षणभरच करतात. कॉमन रेल इंजिनात प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी मोजनळी जोडून ठरावीक वेळात जमलेले इंधन ताडून पाहतात. ज्याचे इंधन इतरांपेक्षा पुष्कळ जास्त, तो इंजेक्टर गळका.

९. निदानयंत्रावरील नोंदी. अपेक्षित रेलदाब आणि प्रत्यक्ष रेलदाब यांची तुलना करतात. दोन्ही आकडे मंद गतीला जुळत असून भाराखाली फाकत असतील, तर आधी पुरवठा बाजू निर्दोष ठरवूनच उच्च दाबाच्या पंपाकडे वळतात.

या सर्व तपासण्यांत पुरवठा बाजू निर्दोष ठरली, परतीचा प्रवाह मर्यादेत निघाला आणि तरीही दाब चढला नाही, तरच नवा पंप सदोष मानता येतो. नवा भाग सदोष निघू शकतो, पण तो निष्कर्ष शेवटचा असावा.

उदाहरण: डॉज रॅम आणि व्हीपी४४ पंप

या दोषाचे एक बहुचर्चित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील डॉज रॅम हा ट्रक होय. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या नमुन्यांत कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे, चोवीस झडपांचे इंजिन आणि बॉशचा व्हीपी४४ हा फिरता पंप होता. त्याआधीच्या नमुन्यांतील इनलाइन पंपाला इंजिन ऑइलचे वंगण मिळे. व्हीपी४४ ला मात्र वंगण आणि थंडावा दोन्ही डिझेलकडूनच मिळतात. त्याला इंधन पुरवणारा विजेचा पंप टाकीपासून दूर, इंजिनावर बसवलेला होता. त्यामुळे त्याला लांबून इंधन ओढावे लागे.

व्हीपी४४ च्या आत स्वतःचा एक लहानसा पुरवठा पंप असल्याने बाहेरचा पंप मंदावला, तरी इंजिन चालू राही. चालकासमोर इंधनदाबाचा मापक नव्हता. परिणामी छोटा पंप निकामी झाल्याचे कळेपर्यंत त्याच्याहून कित्येक पट महागडा व्हीपी४४ इंधनाअभावी तापून बिघडलेला असे. नवा व्हीपी४४ बसवणाऱ्याने पुरवठा पंप तपासला नाही, तर तोच प्रकार पुन्हा घडे. या अनुभवामुळे अनेक वाहनमालकांनी स्वतंत्र दाबमापक बसवून घेतले. दाब भाराखालीही १० पीएसआयच्या खाली जाऊ नये, हा संकेत त्यांच्यात रूढ झाला.

या ट्रकमध्ये निदान करणाऱ्याला चकवणारी एक गोष्ट आहे. स्टार्टर फिरत असताना संगणक पुरवठा पंपाला मुद्दाम कमी वीज देतो. त्यामुळे त्या वेळी मापकावर दिसणारा कमी दाब हा दोष नसून रचनेचाच भाग असतो. तो पाहून चांगला पंप बदलला जाण्याचा संभव असतो. २००३ पासून या ट्रकमध्ये कॉमन रेल प्रणाली आली.

भारतातील संदर्भ

भारतातील जुन्या मालवाहू ट्रकमध्ये इनलाइन पंप आणि हँड प्रायमर ही जोडी दीर्घकाळ प्रचलित होती. रस्त्याच्या कडेला हवा काढून वाहन पुन्हा चालू करणे, हे प्रत्येक चालकाला अवगत असलेले कौशल्य होते. नळीची जोडणी सैल करून स्टार्टर मारणे आणि हवा बाहेर काढणे ही त्यातलीच पद्धत. एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणमानके लागू झाली. त्यांची पूर्तता करण्यासाठी संगणकनियंत्रित उच्च दाबाच्या प्रणाली सार्वत्रिक झाल्या. जुने कौशल्य पुरवठा बाजूपुरते आजही उपयोगी आहे, परंतु उच्च दाबाच्या नळीवर तीच पद्धत वापरणे जीवघेणे ठरू शकते. कॉमन रेल इंजेक्टर आणि नोझल यांच्या निर्मितीशी महाराष्ट्राचाही संबंध असून बॉश कंपनीचा नाशिक येथील कारखाना त्यासाठी ओळखला जातो.

पावसाळ्यातील दमट हवेमुळे अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साठते. उघड्यावरील पिंपांतून भरलेल्या डिझेलमध्येही पाणी आणि धूळ असण्याचा संभव असतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि गंज, शेवाळासारखा सूक्ष्मजीवांचा थर व चोंदलेले फिल्टर अशी साखळी सुरू होते. टाकीत इंधन कमी असताना घाट चढल्यास इंधन एका बाजूला सरकते, शोषनळीचे तोंड उघडे पडते आणि हवा आत शिरते.

सुरक्षितता

कॉमन रेल इंजिन चालू असताना उच्च दाबाची कोणतीही जोडणी सैल करू नये. सूक्ष्म छिद्रातून निघणारी डिझेलची धार त्वचा भेदून खोल ऊतींत शिरते. बाहेरून केवळ टाचणी टोचल्यासारखी जखम दिसते आणि आरंभी वेदनाही कमी असू शकते. आत मात्र ऊतींचा नाश सुरू झालेला असतो. ही शस्त्रक्रियेची तातडी असून विलंब झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. जखम लहान आहे म्हणून घरी न थांबता तत्काळ रुग्णालयात जावे आणि उच्च दाबाचे डिझेल टोचल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत, कार्यपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

तापलेल्या भागांवर सांडलेले डिझेल पेट घेऊ शकते. त्यामुळे चाचणीच्या ठिकाणी अग्निशामक साधन असावे. काढलेले डिझेल गटारात किंवा जमिनीवर न ओतता झाकणबंद भांड्यात साठवावे.

प्रतिबंध

पंप बदलताना फिल्टर, तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंग नवे घालणे, उघडलेली प्रत्येक नळी स्वच्छ बुचाने झाकणे, जुन्या फिल्टरचा कागद कापून त्यात धातुकण आहेत का ते पाहणे आणि धातुकण आढळल्यास टाकीसह सर्व प्रणाली धुणे या दक्षतांमुळे बहुतेक दोष टळतात. पाणी वेगळे करणारे भांडे नियमितपणे रिकामे करावे. वाहन चांगले चालत असतानाच मंद गतीचा आणि भाराखालचा दाब वहीत नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते. पुढे बिघाड उद्भवल्यास तुलनेसाठी त्याच वाहनाचा आकडा हाताशी असतो.

छोट्या वाहनमालकासाठी उच्च दाबाच्या पंपाचा खर्च हा अनेकदा महिन्याच्या उत्पन्नाहून अधिक असतो. उभ्या ट्रकचे हप्तेही थांबत नाहीत. काही रुपयांचा वॉशर आणि तासाभराचे मापन हा खर्च वाचवू शकते. या दोषाच्या निदानपद्धतीचे व्यावहारिक महत्त्व यातच आहे.

हेही पाहा

डिझेल इंजिन
रुडॉल्फ डिझेल
कॉमन रेल
इंधन फिल्टर
भारत स्टेज प्रदूषणमानके